आठवड्याचे सोळा तास आणि कॉलेजमागचं माळरान

वन्यजीवांवर संशोधन करायचं तर डेहराडूनला किंवा बंगळूरला जायला हवं, आणि प्राणिशास्त्राची प्राध्यापकी पत्करली की तास, प्रॅक्टिकल आणि पेपर तपासणी यातच निवृत्ती गाठायची, अशी समजूत एम.एस्सी.च्या वर्गात पक्की बसलेली असते. ती कशी तयार होते हेही कळतं. नवा प्राध्यापक विषय निवडताना मोठ्या संस्थेतल्या पूर्णवेळ संशोधकाचा विषय उचलतो. वाघ, बिबट्या, रेडिओ कॉलर, डीएनए. मग निधी मिळत नाही, परवानगी लांबते, परीक्षा तोंडावर येते आणि तिसऱ्या वर्षी काम बंद पडतं.

खरं तर कॉलेजच्या प्राध्यापकाकडे असं काहीतरी असतं जे त्या मोठ्या संस्थांना पैसे देऊनही मिळत नाही. तो एकाच गावात, एकाच माळाशेजारी पंचवीस-तीस वर्षं राहतो. पीएच.डी.चा विद्यार्थी दोन-तीन हंगाम येतो, प्रकल्प तीन वर्षांत संपतो. आमच्या सोलापूर, नगर, बारामतीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात तीन वर्षांत काय कळणार? १९७२ सोडा, गेल्या काही वर्षांतच २०१२, २०१५ आणि २०१८ असे दुष्काळ येऊन गेले. तीन वर्षांच्या प्रकल्पात एकतर दुष्काळ सापडतच नाही, नाहीतर दुष्काळच सापडतो. गवत, चिंकारा, खोकड आणि पाऊस यांचं नातं समजायला दहा-पंधरा वर्षांच्या सलग, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी लागतात. त्या नोंदी ठेवणं गावातल्या प्राध्यापकालाच शक्य आहे. म्हणून हा लेख मुद्दाम माळरानाबद्दल आहे. जंगलात संशोधक पुष्कळ जातात. माळ मात्र सरकारदरबारी अजून ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, त्यावर चर खणून झाडं लावली जातात, आणि तिथे आधी काय होतं याची नोंद कुणाकडेच नसते.

आधी नोकरीचं, थोडक्यात

सहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, हा सरळ रस्ता. सीएसआयआर-यूजीसी नेटचा जीवशास्त्राचा पेपर २०० गुणांचा. ‘अ’ भागात २० पैकी १५, ‘ब’ भागात ५० पैकी ३५ आणि ‘क’ भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा. ‘क’ भागात प्रत्येक प्रश्न ४ गुणांचा आहे आणि ७५ पैकी ५० प्रश्न सोडून द्यायची मुभा आहे, हे नीट लक्षात घ्या. अभ्यासक्रमाचे १३ घटक सगळे सारखे घोकत बसू नका. ज्याला फिल्डची ओढ आहे त्याने सजीवांची विविधता, परिस्थितिकी, उत्क्रांती व वर्तन, आणि संशोधन पद्धती हे घटक तळापर्यंत करावेत, त्यांना आनुवंशिकीची जोड द्यावी. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला काही वर्षं सीएचबी येते, म्हणजे तासिका तत्त्व. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काहीच नाही. ही परिस्थिती अन्यायाची आहे आणि तिच्यामुळे चांगले फिल्डवाले विषय सोडून जातात. या काळात खर्चिक काम अंगावर घेऊ नका. पुढे सांगितलेली भोवत्यांची (हॅरियर या शिकारी पक्ष्यांची) गणना दुर्बीण आणि वहीवर होते, ती सुरू करा. नोकरी पक्की होईपर्यंत हाताशी चार-पाच हिवाळ्यांच्या नोंदी जमतील.

पूर्णवेळ सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचा भार असतो. त्यावर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, अंतर्गत परीक्षा, सुपरव्हिजन आणि कॅपची (केंद्रीय पेपर तपासणीची) ड्युटी. म्हणून प्रश्न निवडण्याआधी विद्यापीठाचं वेळापत्रक आणि माळाचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडावं. जून-जुलैत प्रवेशाची धांदल असते, तेव्हा माळावर नुसते कोंब असतात, फारसं बुडत नाही. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरमध्ये गवत फुलतं, कुसळी पिकते. तेव्हा गवताचं काम करायचं, ते परीक्षांच्या आधी आठ दिवसांत उरकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोन्यासारखा काळ. सकाळ स्वच्छ, गवत कापून झालेलं, जनावर लांबून दिसतं आणि पहिला तास साडेदहा-अकराचा असेल तर सकाळ आपली असते. मार्च ते मे पेपर तपासणीत जातात. त्या महिन्यांवर अवलंबून असलेला प्रश्न निवडूच नये. निवडला की दुसऱ्या वर्षीच नोंदींना खिंडार पडतं.

चिंकारा मोजताना

बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी त्याच्याही निम्म्याहून लहान. बाकी चिंकारा आणि काळवीट गायरानावर, वनखात्याच्या तुकड्यांवर, शेतांच्या कडेला असतात. तिथे त्यांची घनता काढायची असेल तर लाइन ट्रान्सेक्ट, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसलेली जनावरं मोजण्याची पद्धत, प्राध्यापकाला परवडते. साहित्य म्हणजे लेझर रेंजफाइंडर, होकायंत्र, दुर्बीण, मोबाइलमधलं जीपीएस आणि छापील तक्ते. माणसं दोन. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याने दोन्ही करू नये, कारण लिहिताना मान खाली जाते आणि नेमकं तेव्हाच जवळचं जनावर निसटतं. या पद्धतीचा पायाच असा, की रेषेवर असलेलं जनावर शंभर टक्के दिसलंच पाहिजे.

नकाशावर सरळ २ किलोमीटरची रेषा आखायची आणि सूर्य उगवला की तासाला सव्वा-दीड किलोमीटर वेगाने चालायचं. कळप दिसला की तीन आकडे लिहायचे: कळपाच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर, त्याची होकायंत्रावरची दिशा आणि संख्या. समजा रेषेची दिशा ७० अंश आहे, चिंकारे ११० अंशांवर, १२० मीटरवर दिसले. कोन ४० अंश. लंबांतर (रेषेपासून जनावरापर्यंतचं काटकोनातलं अंतर) म्हणजे १२० गुणिले साइन ४०, साधारण ७७ मीटर. आता होकायंत्र घाईत वाचलं आणि कोन ३० लिहिला, तर हेच उत्तर ६० मीटर येतं. दहा अंशांच्या चुकीने १७ मीटर गेले. त्याहून मोठी गडबड ‘समोरच होतं’ म्हणून कोन शून्य लिहिण्याने होते. १२० मीटरवर ५ अंशांचा कोन म्हणजे दहा मीटर लंबांतर, ते शून्य नव्हे. असे शून्य जमले की आलेखात रेषेवर खोटा सुळका उभा राहतो आणि घनता फुगते.

चिंकारा आपल्याला आधी बघतो आणि शंभर पावलं पळून, वळून उभा राहतो. आपण त्या उभ्या जनावरावर रेंजफाइंडर लावतो. चूक इथेच होते. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो जिथे होता तिथलं झुडूप किंवा दगड हेरून त्यावर लेझर मारायचा. पळाल्यानंतरची जागा धरली तर रेषेजवळ जनावरंच नाहीत असं आकडे सांगतील. दुसरी सवय बैलगाडीच्या वाटेने चालण्याची. वाटेवर माणसांची, कुत्र्यांची वर्दळ असते, जनावर तिच्यापासून लांब राहतं. कुसळं पायमोज्यात शिरली तरी चालेल, रेषा वाट सोडूनच आखावी. विद्यार्थ्यांची आणखी एक सवय आकडे गोल करण्याची: ४७ चे ५०, ९२ चे १००. सुरुवातीलाच माळावर २० ते २०० मीटरवर खुंट्या ठोकून अंदाज घ्यायला लावा आणि प्रत्येकाची चूक त्याला दाखवा. दोन सकाळी खर्च होतात, पण पुढचं सगळं काम सुधारतं.

आता हिशेब. रेषेपासून लांब जाऊ तशी कळप दिसण्याची शक्यता कशी घटते, याचा वक्र नीट बसवायला ६० ते ८० कळपांच्या नोंदी लागतात. एका फेरीत सरासरी एक कळप दिसत असेल तर ६० फेऱ्या, म्हणजे १२० किलोमीटर. आठवड्याला दोन सकाळ धरल्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुमारे ३२ फेऱ्या होतात, म्हणून दोन हिवाळे. पण एकच सोयीची रेषा साठ वेळा चालून उपयोग नाही. त्यातून त्या एका रेषेचंच फार चांगलं उत्तर मिळतं, माळाचं नाही. दहा रेषा, प्रत्येकीवर सहा फेऱ्या, असं वाटप हवं.

समजा १२० किलोमीटर चाललो, ६० कळप दिसले, दोन्ही बाजूंना २०० मीटरपर्यंतच्या नोंदी धरल्या आणि त्या पट्ट्यातला कळप दिसण्याची शक्यता ०.५ आली. पट्ट्याचं क्षेत्रफळ २ × ०.२ × १२० म्हणजे ४८ चौरस किलोमीटर, त्यातलं प्रत्यक्ष पाहिलेलं २४. साठला चोवीसने भागलं की चौरस किलोमीटरला अडीच कळप. सरासरी कळप २.४ चा असेल तर ६ जनावरं. हे फक्त उदाहरणाचे आकडे आहेत. विद्यार्थ्यांकडून हे गणित आधी हाताने करून घ्यावं आणि मगच ‘डिस्टन्स’ किंवा ‘आर’ हे सॉफ्टवेअर उघडावं. दोन्ही मोफत आहेत. ज्याने एकदा कागदावर भागाकार केला आहे त्याला सॉफ्टवेअरने दिलेलं भलतंच उत्तर लगेच खटकतं.

गवत, आणि खोटी पुनरावृत्ती

गवताचं काम दिसायला सोपं असतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं होतं. अर्धा मीटर बाजूची लोखंडी सळीची चौकट गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी. चौकटीतलं गवत जमिनीलगत विळ्याने कापायचं, कुसळी, पवन्या, मारवेल वेगळे करायचे आणि कागदी पिशवीत भरायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर दुसऱ्या दिवशी बुरशी येते. ओव्हनमध्ये ७० अंशांवर ४८ तास ठेवून वजन करायचं, परत दोन तास ठेवून पुन्हा करायचं. वजन बदललं नाही तरच लिहायचं. चौकट पाव चौरस मीटरची आहे, म्हणून ४५ ग्रॅम आले तर चौरस मीटरला १८० ग्रॅम, हेक्टरी १८०० किलो.

चौकट ‘उगाच फेकली’ असं पुष्कळ प्रबंधांत लिहिलेलं असतं. फेकणारा हात नकळत गवताकडेच फेकतो, खडकाकडे नाही. दोरी अंथरून, यादृच्छिक आकड्यांप्रमाणे पावलं मोजून जागा ठरवावी, आणि ती नुसत्या मुरमावर पडली तर तिथे शून्य लिहावं. ते शून्यही माळाचंच माप आहे.

खरी अडचण पुढे आहे. वनखात्याने तार मारलेला एक तुकडा आणि बाहेरचं चराऊ गायरान, आत ३० चौकटी, बाहेर ३०, टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी), आणि निष्कर्ष ‘चराईमुळे गवत कमी होतं’. परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला नाव दिलं. मराठीत त्याला खोटी पुनरावृत्ती म्हणू. तारेच्या आतल्या तीस चौकटी म्हणजे तीस प्रयोग नव्हेत, एकच. त्या तुकड्यात माती खोल असेल, ओढा जवळ असेल, तार मारण्याआधीही तिथे गवत जास्त असेल. चराईचा परिणाम सांगायचा तर असे पाच-सहा स्वतंत्र तुकडे आणि प्रत्येकाशेजारी त्याच मातीचा चराऊ जोड हवा. तेवढे तुकडे नसतील तर दावा लहान ठेवावा: ‘या एका तुकड्यात तार मारल्यावर आठ वर्षांत गवत असं बदललं.’ हे वाक्य प्रामाणिक आहे, आणि आठ वर्षांमुळे वजनदारही. चुकीची टी-टेस्ट मेंढपाळांना माळावरून उठवायला वापरली जाऊ शकते, म्हणून यात ढिलाई नको.

मेंढपाळांशी बोलण्याचंही तंत्र आहे. ‘लांडगा त्रास देतो का?’ असं विचारलं तर उत्तर हो येणारच. ‘गेल्या महिन्यात कळपातली किती जनावरं कमी झाली, कशाने?’ असं विचारावं. आजार, विक्री, चोरी, कुत्रे, लांडगा सगळं आपोआप बाहेर येतं. प्राण्यांचे फोटो दाखवून ओळखायला सांगताना इथे नसलेल्या एका प्राण्याचा फोटो मध्येच ठेवावा. तोही ‘इथे दिसतो’ असं कुणी म्हणालं तर त्या मुलाखतीच्या बाकीच्या उत्तरांवर किती विसंबायचं हे समजतं. आणि वनखात्याच्या गाडीतून उतरून प्रश्न विचारू नयेत. गाडी बघितली की उत्तरं बदलतात.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर खोकड

यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं, तेव्हापासून कित्येक प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शक, स्लाइड आणि त्या बनवायला लागणारी झायलीन, डीपीएक्स ही द्रव्यं कपाटात पडून आहेत. विष्ठेवरून आहार शोधण्याला नेमकं हेच लागतं. लांडग्यापेक्षा खोकड घ्या, असा माझा आग्रह आहे. लांडग्याची आणि गावकुत्र्याची विष्ठा नजरेने वेगळी काढता येत नाही, आणि दोघेही मेलेली शेळी खातात. डीएनए केल्याशिवाय तो अभ्यास कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. खोकडाची बिळं ठरलेली, विष्ठा करंगळीएवढी, बिळाच्या तोंडाशी किंवा जवळच्या उंचवट्यावर. गोंधळ पुष्कळ कमी होतो.

हातमोजे आणि मास्क घालूनच गोळा करायचं. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेत फीतकृमीची अंडी असतात आणि ती माणसाला घातक आहेत. प्रयोगशाळेत आणल्यावर न फोडता पाकिटासकट ७० अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये, मगच उघडायचं. त्यानंतर नायलॉनच्या मोज्यात बांधून साबणाच्या पाण्यात भिजवायचं आणि १ मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचं. मोज्यात चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई धुताना पुसट होते आणि एका दुपारी वीस नमुने बेवारस होतात.

धुतल्यावर चाळणीत जे उरतं ते बघताना सगळी बॅच टेबलाभोवती गोळा होते. भुंग्यांच्या पंखांची हिरवी-काळी चकाकती टरफलं, वाळवीची डोकी, सरड्याचे खवले, उंदराचे पिवळट दात, आणि जानेवारीत तर बोरांच्या बिया. प्रत्येक विष्ठेतले किमान २० केस घ्यायचे. स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, अर्धवट सुकला की केस ठेवायचा, पूर्ण सुकल्यावर अलगद ओढून काढायचा. मागे खवल्यांचा ठसा राहतो. दुसरा केस झायलीनमध्ये साफ करून डीपीएक्समध्ये बसवला की आतला गाभा दिसतो. ओळखायला तुलनेच्या स्लाइड आधी तयार हव्यात: शेळी, मेंढी, गाय, कुत्रा, घरचा उंदीर सहज मिळतात. सशाचे किंवा चिंकाऱ्याचे केस मात्र वनखात्याकडे लेखी मागावेत, रस्त्यावर मेलेलं जनावर परस्पर उचलू नये.

निष्कर्ष लिहिताना जपायचं ते असं. लहान भक्ष्यात वजनाच्या मानाने केस आणि टरफल जास्त असतं, म्हणून ते विष्ठेत वारंवार दिसतं. ‘७० टक्के विष्ठांमध्ये कीटक’ याचा अर्थ ‘आहाराच्या ७० टक्के कीटक’ असा होत नाही. हंगामाला तीसपेक्षा कमी नमुने असतील तर हंगामांची तुलना करू नये.

आधी म्हटलेली भोवत्यांची गणना मात्र पूर्ण संध्याकाळची. उत्तरेकडून येणारे भोवते ऑक्टोबर ते मार्च माळावर राहतात आणि रात्री गवतात, जमिनीवर, एकत्र झोपतात. थव्यापासून दोन-तीनशे मीटरवर दोन-तीन ठरलेल्या जागा, सूर्यास्ताच्या दीड तास आधीपासून अंधार पडेपर्यंत, दर ५ मिनिटांनी उतरलेले आणि पुन्हा उठलेले वेगवेगळे लिहायचे. ते घिरट्या घालून, उतरून पुन्हा उठतात. नुसते उतरलेले मोजले तर संख्या दुप्पट होते. माँटेग्यूच्या आणि फिकट (पॅलिड) भोवत्यांच्या माद्या संधिप्रकाशात वेगळ्या ओळखता येत नाहीत, ‘अनोळखी’ असा रकाना ठेवावा आणि तो भरायला लाजू नये. टॉर्च मारायची नाही. पंधरवड्याला एक संध्याकाळ, सहा महिन्यांत बारा. एवढं कुणालाही जमतं. कुठल्या वर्षी वणव्याने गवत गेलं आणि थवा कुठे हलला, हे फक्त अशाच नोंदींतून कळतं.

परवानगी, मुलं आणि छापणं

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. संरक्षित प्राणी पकडायचा, हाताळायचा असेल तर कलम १२ लागू होतं, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची संमतीही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची सहाच्या चार झाल्या आणि बरेच प्राणी वरच्या यादीत गेले, त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी वापरू नका. गायरानावर लांबून मोजायला अशी परवानगी लागत नसली तरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला पत्र द्यावंच, विष्ठा गोळा करण्याचाही त्यात उल्लेख करावा. अर्ज करताना चार-सहा महिने हाताशी ठेवा.

नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. दोन श्रेयांक म्हणजे ६० तास, आणि तेवढ्यात एका विद्यार्थ्याच्या बारा-पंधरा सकाळी बसतात. दरवर्षी नवा विषय शोधायला लावून फायलीत माहिती उतरवून घेण्यापेक्षा, दरवर्षीच्या मुलांना त्याच दहा रेषांवर चालवा. प्रत्येक बॅच आपल्या वर्षाचा आकडा आधीच्या आकड्यांशेजारी मांडते, आणि त्यातून मुलांना जे कळतं ते खडूने कळत नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात शिकवत असताना मिलिंद वाटवे यांनी पदवीच्या मुलांना घेऊन संशोधन उभं केलं होतं. मुलं लहान आहेत म्हणून काम हलकं असावं लागत नाही.

सुरक्षेचं मात्र काटेकोर हवं. माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. घोट्याच्या वरपर्यंत बूट, चार-पाच जणांचा गट, पालकांचं संमतिपत्र, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष नेमकं कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे याची चौकशी हंगाम सुरू होण्याआधी फोन करून. लांडग्याचं बीळ सापडलं तर तिथून मागे फिरायचं. दुसऱ्या दिवशी ‘फक्त बघायला’ जायचं नाही. माणसाचा वावर वाढला की मादी पिल्लं हलवते, आणि आपल्या पायवाटेने दुसरं कुणी तिथे पोचतं. बिळाचे आणि भोवत्यांच्या थव्याचे अक्षांश-रेखांश कुठल्याही अॅपवर उघडे टाकू नयेत.

छापताना घाई करू नका. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जर्नलची पारख आपणच करायची. तीन दिवसांत ‘स्वीकृत’ कळवून लगेच पैसे मागणारं जर्नल टाळा, बढतीसाठीसुद्धा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतं आहे, कोइंबतूरहून ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ निघतं. माळावरच्या साध्या, सलग नोंदींना तिथे जागा आहे. परीक्षक सहा महिने घेतील, तिखट बोलतील. त्यातल्या बहुतेक सूचना पुढच्या हंगामाचा तक्ता सुधारतात.

आणि तक्ते जपा. मूळ कागद फाइलमध्ये, त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो, आठवड्याच्या आत संगणकावर. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, कारण एक्सेल ५/११ चं ११/५ करून टाकतं. स्थान दशांश अंशांत. काही न दिसलेली फेरीही लिहायची: किती वाजता निघालो, किती चाललो, शून्य कळप. रेषा कुठून सुरू होते, कोणत्या दगडाशी वळते, कोणता रकाना म्हणजे काय, हे सगळं मराठीत दोन पानांवर लिहून त्या फाइलच्या पहिल्या खिशात ठेवावं, म्हणजे तुमच्या जागी येणारा प्राध्यापक पहिल्याच नोव्हेंबरात तीच रेषा चालू शकेल.